हँक विल्यम्सच्या वाटेवर: अलाबामा ते वेस्ट व्हर्जिनिया, सात दिवस

हँक विल्यम्स जिथे जन्मला ते खेडं आणि जिथे त्याला पुरलं ते शहर, यांत गाडीने तासाभराचं अंतर आहे. मधली एकोणतीस वर्षं मात्र बरीचशी रस्त्यावरच गेली, आणि शेवटही गाडीच्या मागच्या सीटवर झाला. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीतातल्या या सगळ्यात मोठ्या गीतकार-गायकाची पाठ जन्मापासून अधू होती. मणक्याची हाडं मागच्या बाजूने पूर्ण जुळलेली नव्हती. स्पायना बायफिडा म्हणतात तो प्रकार. अशा पाठीच्या माणसाचा धंदा रोज शेकडो मैल गाडीत बसण्याचा होता. त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर चरित्र वाचण्याइतकंच हे अंतर स्वतः बसून कापणं गरजेचं आहे, म्हणून हा प्रवास गाडीनेच करायचा.

गाडी अटलांटा विमानतळावर घ्यायची आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला सोडायची. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडली की जादा आकार लागतो, तो बुकिंग करतानाच विचारून घ्या. सगळं अंतर साधारण अकराशे मैल, म्हणजे पावणेअठराशे किलोमीटर. गॅलनला तीस मैल देणारी गाडी असेल तर ३७ गॅलन, म्हणजे १४० लिटर पेट्रोल. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवावा. गाडीत एएम रेडिओ आहे ना, हे मात्र आवर्जून बघायचं. काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत तो नसतो, आणि एएमशिवाय या प्रवासाचा अर्धा अर्थ जातो. का, ते चौथ्या दिवशी कळेल.

हवामानाच्या दृष्टीने एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टात अलाबामाची दमट हवा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी अंगाला चिकटते. डिसेंबर-जानेवारीत शेवटच्या टप्प्यावर डोंगरात बर्फ असतं.

दिवस पहिला: अटलांटा ते मॉन्टगोमेरी

१६० मैल, आय-८५ हायवे, अडीच तास. बघण्यासारखं फारसं काही नाही. जॉर्जिया संपून अलाबामा लागलं की घड्याळ एक तास मागे जातं. मोबाइल आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलतंच असं नाही. या प्रवासात ही हद्द दोनदा ओलांडायची आहे, तेव्हा वेळा लिहिताना कुठली वेळ हेही लिहून ठेवा.

जेवणाबद्दल इथेच सांगून टाकतो. दक्षिणेतल्या साध्या खाणावळींत ‘मीट अँड थ्री’ मिळतं: एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. शाकाहारी माणूस हमखास म्हणतो, मला फक्त भाज्या द्या. पण हिरव्या शेंगा, टर्निपचा पाला, चवळी हे सगळं बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चरबी घालूनच शिजवतात. ‘यात बेकन किंवा हॅम आहे का’ असं नेमकं विचारायचं. नुसतं ‘व्हेजिटेरियन आहे का’ विचारलं तर हो म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच असते. मक्याचा कॉर्नब्रेड आणि ताक मात्र मराठी तोंडाला लगेच आवडतं.

दिवस दुसरा: जॉर्जियाना आणि बटलर काउंटी

मॉन्टगोमेरीहून आय-६५ ने दक्षिणेला साठ मैल. या पट्ट्याला १९९७ मध्ये हँकच्या स्मरणार्थ ‘लॉस्ट हायवे’ नाव दिलं, त्याच्या पाट्या दिसतात. एक्झिट ११४ ला जॉर्जियाना.

हँकचा जन्म १७ सप्टेंबर १९२३ चा, माउंट ऑलिव्ह वस्तीतला. लोक चुकतात ते इथेच. अलाबामात माउंट ऑलिव्ह नावाची एकाहून अधिक ठिकाणं आहेत आणि नुसतं नाव टाकलं तर नकाशा तुम्हाला बर्मिंगहॅमच्या उत्तरेला, दोन-अडीच तास उलट्या दिशेला नेऊन सोडतो. ‘जॉर्जियाना’ किंवा ‘बटलर काउंटी’ जोडूनच शोधा. वस्तीत बघायचं ते बॅप्टिस्ट चर्च. हँकची आई लिली इथे ऑर्गन वाजवायची आणि तीन वर्षांचा पोरगा शेजारी बाकावर बसायचा. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांपासून शेवटच्या भक्तिगीतांपर्यंत चालींची जी ठेवण आहे, ती या चर्चमधल्या सामूहिक गाण्यांची आहे: सोपी, सगळ्यांना एकत्र म्हणता येईल अशी, वर फार न जाणारी.

नाव हायरम. बायबलमधल्या टायरच्या राजाचं. वडील फ्रीमेसन होते, तिथून ते आलं. जन्मदाखला पुढे दहाव्या वर्षी काढला तेव्हा तोही ‘हायरियम’ असा चुकीचा लिहिला गेला. ‘हँक’ हे त्याने स्वतः घेतलेलं, गायकाला शोभेलसं नाव. वडील लॉन लाकूड कंपनीच्या रेल्वेवर कामाला आणि पहिल्या महायुद्धात जाऊन आलेले. १९३० मध्ये मेंदूच्या आजाराने ते सैनिकांच्या इस्पितळात भरती झाले आणि कित्येक वर्षं तिथेच राहिले. घर आईच्या अंगावर पडलं. या बाईने बोर्डिंग हाउस चालवली, मुलाचे कार्यक्रम ठरवले, दारावर उभं राहून तिकिटाचे पैसे गोळा केले. हँकची पहिली मॅनेजर तीच.

जॉर्जियानात १२७ रोझ स्ट्रीटवरचं घर १९९३ पासून संग्रहालय आहे. आधीचं घर जळाल्यावर गावातल्या एका सद्गृहस्थाने हे घर या कुटुंबाला भाडं न घेता राहायला दिलं होतं. घर लाकडी, खांबांवर उचललेलं, समोर लांब ओसरी. खालच्या मोकळ्या जागेत उभं राहून बघा. कोकणात पडवीच्या सावलीत जसा गारवा असतो तसा तिथे असतो, आणि वाऱ्याला अडथळा नाही. थोड्याच अंतरावर एल अँड एन रेल्वेचे जुने रूळ आहेत आणि मालगाड्या अजूनही धावतात. गाडीची शिट्टी लांबून येते, जवळ येताना चढते आणि गेल्यावर एकदम खाली उतरते. हँकच्या आवाजातला तुटणारा सूर आणि फिडलवर वाजवलेली आगगाडीची शिट्टी ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी ओसरीवर निदान एक मालगाडी जाईपर्यंत थांबावं. संग्रहालय छोटं आहे, त्यामुळे निघण्याआधी फोन करून उघडं आहे याची खात्री करा. जूनच्या सुरुवातीला गावात हँकच्या नावाचा उत्सव भरतो. त्या दिवसांत आसपास खोली मिळत नाही, मुक्काम मॉन्टगोमेरीतच ठेवा.

हँकचा गुरू एकच: रूफस पेन, टोपणनाव ‘टी-टॉट’. जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर गाणारा कृष्णवर्णीय कलावंत. टीटोटलर म्हणजे दारू न पिणारा, त्यावरून हे नाव गमतीने पडलं, कारण त्याच्याजवळच्या चहात दारू मिसळलेली असायची. धडा देण्याचा मोबदला म्हणजे काही सेंट किंवा हँकच्या आईच्या हातचं जेवण. वंशभेदाचे कायदे कडक असलेल्या त्या काळात गोरा पोरगा काळ्या माणसाच्या मागे रस्तोरस्ती फिरत गिटार शिकत होता. कॉर्ड आणि ताल तर तो शिकलाच, पण रस्त्यावरच्या माणसाला पहिल्या दोन ओळींत थांबवायचं कसं, हेही इथेच शिकला. हँकने पुढे जाहीरपणे सांगितलं की आपल्याला संगीताचं शिक्षण मिळालं ते फक्त टी-टॉटकडून.

परतताना ग्रीनव्हिल एक्झिट १३० ला लागतं, तिथे जेवण घ्यावं. वेळ हाताशी असेल तर आधी दक्षिणेला पाऊण तासावर अँडलुसिया. डिसेंबर १९४४ मध्ये तिथल्या एका पेट्रोल पंपावर हँक आणि ऑड्री शेपर्ड यांचं लग्न लागलं. ऑड्रीच्या आधीच्या घटस्फोटानंतर कायद्याने ६० दिवस थांबायचं असतं, ते न थांबताच. म्हणजे कायद्याच्या नजरेत लग्न पहिल्या दिवसापासून लंगडं.

दिवस तिसरा: मॉन्टगोमेरी

१९३७ मध्ये कुटुंब इथे आलं. हँक चौदा वर्षांचा. एम्पायर थिएटरमधल्या स्पर्धेत त्याने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं आणि १५ डॉलरचं बक्षीस जिंकलं. ते थिएटर आता नाही, पण जागा सापडायला सोपी आहे. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांना बसमधून अटक झाली ती याच थिएटरसमोर, आणि आज तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. हँकसाठी आलेल्यांनीही ते बघावं. टी-टॉट आणि हँक ज्या शहरात वावरले, त्या शहराचे नियम काय होते ते तिथे नीट कळतं.

डब्ल्यूएसएफए या स्थानिक रेडिओ केंद्रावर हँक पोरवयातच लोकप्रिय झाला आणि ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ हा त्याचा ताफा जमला. सैन्यात पाठीमुळे घेतलं नाही. वादक मात्र एकेक करून युद्धावर गेले. १९४२ मध्ये दारूपायी रेडिओने काढून टाकलं. काही काळ तो मोबिलच्या गोदीत कामाला होता. दारू ही त्याच्या बाबतीत नुसती हौस नव्हती. पाठ दुखली की प्यायचा, प्यायला की कार्यक्रम बुडायचे आणि कार्यक्रम बुडाले की आणखी प्यायचा.

कॉमर्स स्ट्रीटवर ११८ क्रमांकाचं हँक विल्यम्स म्युझियम १९९९ मध्ये सुरू झालं. दोन तास ठेवा. भरजरी सूट, बूट, टाय, पोस्टर, सगळं आहे. पण पाय थांबतात ते निळ्या कॅडिलॅकपाशी. हँकचा शेवट झाला ती हीच गाडी. १९५२ चं मॉडेल, उघडझाप होणाऱ्या टपाची गाडी. पुढे त्याचा मुलगा हँक ज्युनियर शाळेत असताना हीच गाडी चालवायचा. मागची सीट नीट बघा: रुंदी भरपूर, पण सपाट बाकासारखी, पाठीला कुठे आधार नाही. हँक सहा फुटांच्या आसपास उंच आणि काटकुळा. अशा सीटवर आडवं व्हायचं तर गुडघे दुमडायलाच लागतात. पाठीच्या खालच्या मणक्यांचं दुखणं असलेल्या माणसाला ही स्थिती तासन्‌तास झेपणं अशक्य आहे. सीटसमोर उभं राहिल्यावर हे समजायला डॉक्टर लागत नाही.

दुपारी दोन दफनभूमी. आधी लिंकन सिमेट्री. टी-टॉट १९३९ मध्ये याच शहरात गरिबीत गेला आणि या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत खुणेशिवाय पुरला गेला. शिष्य मोठा झालेला त्याने पाहिलाच नाही. त्याच्या स्मरणाचा दगड नंतर बसवला गेला. हँकच्या कबरीवर जाणाऱ्या शंभरातला एखादाच इथे येतो, ही चुकीची गोष्ट आहे.

मग ओकवुड सिमेट्री ॲनेक्स, अप्पर वेटम्प्का रोडवर. ‘ॲनेक्स’ हा शब्द टाकायला विसरलात तर जुन्या ओकवुडमध्ये फिरत बसाल. कबर उंचवट्यावर आहे. उभा दगड, त्यावर वरून पडणारे सूर्यकिरण आणि त्याच्या भक्तिगीताच्या सुरुवातीच्या स्वरलिपीची ओळ कोरलेली. पायथ्याशी संगमरवरी काउबॉय हॅट. कडेच्या तुकड्यांवर गाण्यांची नावं. शेजारी १९७५ मध्ये वारलेली ऑड्री. भोवती खरं गवत नाही, कृत्रिम हिरवळ अंथरली आहे, कारण येणारे लोक आठवण म्हणून गवत उपटून न्यायचे. ४ जानेवारी १९५३ च्या अंत्यविधीला या शहरात वीस हजारांच्या आसपास माणसं जमली होती आणि सभागृहात त्यातली थोडीच मावली. जवळच दुसऱ्या महायुद्धात इथे विमान शिकायला येऊन वारलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या तरुणांच्या कबरी आहेत, एका आकाराच्या, ओळीने.

दिवस चौथा: कोवालिगामार्गे नॅशव्हिल

आज गाडी खूप चालवायची आहे, ३१५ मैल. सकाळी लवकर निघून मार्टिन तलावाकाठच्या कोवालिगाला. ऑगस्ट १९५२ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या साप्ताहिक कार्यक्रमाने काढून टाकल्यावर हँक इथल्या एका केबिनमध्ये येऊन राहिला आणि गावाच्या नावावरून, लाकडी पुतळ्याच्या मूक प्रेमाचं गाणं रचलं. केबिन दुरुस्त करून जपली आहे आणि भाड्याने मिळते. मुक्काम करायचा असेल तर खूप आधी बुकिंग लागतं. नसेल तर अर्धा तास पुरे. मग अलेक्झांडर सिटीवरून यूएस-२८० ने बर्मिंगहॅम आणि आय-६५ ने उत्तरेला.

टेनेसीची हद्द ओलांडली की रेडिओ एएम ६५० वर लावा. हे डब्ल्यूएसएम, ग्रँड ओल ऑप्रीचं केंद्र. नॅशव्हिलच्या थोडं आधी, ब्रेंटवूडला एक्झिट ७१ जवळ त्याचा मनोरा दिसतो: मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, १९३२ मध्ये उभारलेला, आज ८०८ फूट उंच. दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत चालतात आणि ठरावीक अंतरावर विरतात. रात्री त्या वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. ५०,००० वॉटचं हे केंद्र रात्री कितीतरी राज्यांत ऐकू जायचं. शेतावरच्या घरात, बॅटरीवरच्या रेडिओवर, शनिवारी रात्री. मॉन्टगोमेरीत नाव असलेला गायक आणि देशभर नाव असलेला गायक यांच्यातला फरक हा मनोरा होता. अंधार पडल्यावर हॉटेलच्या वाहनतळात गाडीत बसून पंधरा मिनिटं ऐका. तारांच्या आणि दिव्यांच्या जवळ खरखर वाढते, गाडी मोकळ्या जागी उभी करा.

दिवस पाचवा: नॅशव्हिल

१४ सप्टेंबर १९४६ ला हँक आणि ऑड्री इथे येऊन फ्रेड रोझला भेटले. रॉय एकफसोबत १९४२ मध्ये ‘एकफ-रोझ’ ही गीत-प्रकाशन संस्था काढणारा हा माणूस स्वतः कसलेला गीतकार होता. हँकची कच्ची गाणी तो घासून द्यायचा: एखादी फिसकटलेली ओळ सरळ करायची, जुळत नसलेलं यमक बदलायचं, मधला तुकडा जोडायचा. हँकचं अस्सलपण कुठे संपतं आणि रोझची कारागिरी कुठे सुरू होते, हे गाण्यात दिसत नाही, यातच त्या संपादनाचं कौतुक आहे. १९४६ च्या डिसेंबरात स्टर्लिंग कंपनीसाठी पहिली ध्वनिमुद्रणं झाली, १९४७ मध्ये एमजीएम ही मोठी रेकॉर्ड कंपनी मिळाली.

ऑप्रीने मात्र लगेच घेतलं नाही, दारूची कीर्ती आधीच पोचली होती. मग ऑगस्ट १९४८ मध्ये श्रीव्हपोर्टचा ‘लुइझियाना हेराइड’ हा रेडिओ कार्यक्रम. (श्रीव्हपोर्ट इथून आठ तास लांब आहे, म्हणून या प्रवासात धरलेलं नाही.) तिथे तो १९२२ चं एक जुनं, दुसऱ्यांचं गाणं गायला लागला आणि लोक वेडे झाले. ‘लव्हसिक ब्लूज’. रोझला ते अजिबात पसंत नव्हतं. २२ डिसेंबर १९४८ ला सिनसिनाटीच्या हर्झोग स्टुडिओत सत्राच्या शेवटी हँकने हट्टाने ते ध्वनिमुद्रित केलं. १९४९ मध्ये ते कंट्रीच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं. ११ जून १९४९ ला तो ऑप्रीच्या मंचावर उभा राहिला.

तो मंच राइमन ऑडिटोरियममध्ये. इमारत १८९२ ची, मुळात धर्मसभांसाठी बांधलेली, म्हणून बसायला चर्चचे लाकडी बाक. १९४३ ते १९७४ ऑप्री इथे होती. दिवसाचा फेरफटका सकाळी पहिल्या वेळेला घ्या, दुपारी गर्दी होते. बाल्कनीत मधोमध बसून खाली कुणी टाळी वाजवली की कळतं, लाकूड आणि वक्र भिंत यांमुळे न वाढवलेला आवाजही शेवटच्या रांगेत येतो. त्या पहिल्या रात्री हँकला सहा वेळा परत बोलावलं असं सांगतात. आजची ऑप्री शहराबाहेरच्या नव्या इमारतीत होते, पण तिच्या मंचाच्या मध्यावर राइमनच्या जुन्या मंचाचा सहा फुटी गोल तुकडा बसवला आहे. दोन्ही ठिकाणांची तिकिटं वेगळी, घेताना पत्ता बघा.

आता गाण्याच्या घडणीकडे. शहरात ध्वनिमुद्रण झालं ते बहुतांशी कॅसल स्टुडिओत, डब्ल्यूएसएमच्या तीन इंजिनिअरांनी ट्युलेन हॉटेलात चालवलेल्या. हॉटेल १९५६ मध्ये पाडलं, बघायला काही उरलेलं नाही. ऐकायला मात्र सगळं आहे. हँकची बहुतेक गाणी तीन कॉर्डची: षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेल्या. लांबी तीन मिनिटांच्या आत, कारण ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं. ढोल जवळजवळ नाहीतच. ताल धरणारा माणूस इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारा तळहाताने दाबून कोरडा ‘टक-टक’ आवाज काढतो आणि त्याच्या जोडीला डबल बेस. फिडलवर जेरी रिव्हर्स. स्टील गिटारवर डॉन हेल्म्स. त्याच्या गिटारला पेडल नव्हते, फक्त डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची.

रोझने हेल्म्सला सांगितलं होतं, वरच्या पट्टीत वाजव. हँक मधल्या-खालच्या पट्टीत गातो, स्टीलही तिथेच वाजली तर रेडिओच्या आणि ज्यूकबॉक्सच्या छोट्या स्पीकरमध्ये दोघांचा चिखल होईल. म्हणून ती स्टील आवाजाच्या वर, रडल्यासारखी तरंगत राहते. ज्याला आज आपण ‘हँकचा आवाज’ म्हणून ओळखतो त्यातली अर्धी ओळख या एका सूचनेची आहे. उरलेली अर्धी त्याच्या गळ्याची: छातीचा सूर अचानक तुटून डोक्याच्या सुरात उडी घेतो आणि लगेच परत येतो. हे यॉडलिंग त्याच्या आधी जिमी रॉजर्सने कंट्रीत रुजवलं. किशोरकुमारच्या यॉडलिंगमागेही रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड होत्या असं सांगितलं जातं, त्यामुळे मराठी कानाला हा प्रकार परका नाही. फरक इतकाच की किशोर तो उल्हासासाठी वापरतो आणि हँक शब्द सांगता सांगता गळा दाटून यावा तसा.

दुपार कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमला द्या. १९६१ मध्ये पहिल्यांदा तिघांची निवड झाली: जिमी रॉजर्स, फ्रेड रोझ आणि हँक.

यशाचा हिशेबही इथेच समजून घ्यावा. १९५१ मध्ये टोनी बेनेटने हँकचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ गायलं आणि ते पॉपच्या यादीत पहिलं आलं. म्हणजे गायला दुसरा, पण रचनेचा पैसा हँक आणि प्रकाशक यांना. पण गायकाची रोजची कमाई होती ती दौऱ्यांवर. आठवडाभर गावोगाव कार्यक्रम करायचे आणि शनिवारी रात्री ऑप्रीसाठी नॅशव्हिलला हजर व्हायचं. वर्तुळाचा मध्य ठरलेला, म्हणून लांबच्या गावाहून रात्रभर गाडी हाकत परत. १३ डिसेंबर १९५१ ला व्हँडरबिल्ट इस्पितळात मणक्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर हवी तेवढी विश्रांती झालीच नाही, वेदनाशामकं वाढली. १९५२ मध्ये ऑड्रीशी घटस्फोट झाला आणि घर व पुढच्या रॉयल्टीचा अर्धा वाटा तिला गेला. ११ ऑगस्टला ऑप्रीने काढलं. तरी २३ सप्टेंबरच्या शेवटच्या सत्रात, एकाच बैठकीत, त्याने चार गाणी दिली आणि त्यातली तीन मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर गेली. ऑक्टोबरात बिली जीनशी लग्न झालं, न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात तिकीट लावून, एका दिवसात दोनदा.

दिवस सहावा: नॉक्सव्हिल

आय-४० ने १८० मैल पूर्वेला. वाटेत तास पुढे जातो. गे स्ट्रीटवरची जुन्या अँड्र्यू जॉन्सन हॉटेलची उंच इमारत बघायची.

३० डिसेंबर १९५२ ला हँक मॉन्टगोमेरीहून निघाला. ३१ ला रात्री चार्ल्सटनमध्ये कार्यक्रम, १ जानेवारीला ओहायोतल्या कँटनमध्ये. चालक म्हणून कॉलेजातला एक पोरगा. नॉक्सव्हिलहून विमान पकडलं, ते खराब हवेमुळे परत फिरलं. संध्याकाळी हॉटेलात डॉक्टर बोलावला. त्याने ब-१२ आणि मॉर्फीनची दोन इंजेक्शनं दिली. त्याआधी पोटात दारू आणि क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध. मॉर्फीन, दारू आणि क्लोरल हायड्रेट ही तिन्ही द्रव्यं श्वासाचं केंद्र मंद करतात आणि एकत्र आली की परिणाम नुसता बेरजेत राहत नाही. कँटन गाठायचंच म्हणून रात्री पावणेअकराच्या सुमारास निघाले. हँकला उचलून मागच्या सीटवर ठेवलं.

दिवस सातवा: नॉक्सव्हिल ते ओक हिल

त्यांनी रात्री केला तो रस्ता तुम्ही दिवसा करा. यूएस-११डब्ल्यू, २६० मैलांतला पहिला टप्पा. १९५२ मध्ये इंटरस्टेट नव्हते, दोन पदरी रस्ता, वळणं, गावागणिक वेग कमी. आजही जीपीएस तुम्हाला आय-८१ वर ढकलेल, म्हणून मार्गात ब्लेन आणि रटलेज ही गावं मुद्दाम टाका. ब्लेनजवळ कॅडिलॅकने ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या पोलीस गाडीला जवळजवळ धडक दिली. रटलेजला नेऊन २५ डॉलर दंड झाला. मागे निपचित पडलेल्या माणसाबद्दल पोलिसाला शंका आली, तेव्हा औषध घेऊन झोपलाय असं उत्तर मिळालं. रटलेजचं न्यायालय रस्त्यालगतच आहे. उन्हाळ्यात गेलात तर या काउंटीचे टोमॅटो घ्या, टेनेसीभर नावाजलेले आहेत.

ब्रिस्टलला दोन तास थांबा. स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी खुणा आहेत: एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. १९२७ च्या उन्हाळ्यात इथे रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने तात्पुरता स्टुडिओ लावून जिमी रॉजर्स आणि कार्टर फॅमिली यांची पहिली ध्वनिमुद्रणं केली. त्यावरचं चांगलं संग्रहालय जवळच आहे.

पुढे ब्लूफिल्ड. आज डोंगराखालून आय-७७ चा मैलभर लांब बोगदा आहे, १९७४ मध्ये झालेला. तेव्हा डोंगर चढूनच जावं लागे. वेस्ट व्हर्जिनिया टर्नपाइकवर टोल आहे, रोख सुटे जवळ ठेवा. बेकलीपाशी यूएस-१९ धरली की वीस-पंचवीस मिनिटांत ओक हिल. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, उजेडात पोचा.

इथल्या पेट्रोल पंपाजवळ पोराने मागे वळून बघितलं. पांघरूण सरकलं होतं. हात नीट करायला गेला तर तो गार आणि ताठर. सकाळी सातला इस्पितळात मृत्यू नोंदला गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या उजव्या बाजूच्या निकामी होण्याचं कारण लिहिलं, रक्तात दारू सापडली. इतर औषधांची तपासणी केलीच नाही. त्यामुळे तो कुठल्या मैलावर गेला, हा वाद आजही मिटलेला नाही. गावात वाचनालयापाशी स्मारक आहे.

चार्ल्सटन विमानतळ इथून तासाभरावर आहे. तिथला ३१ डिसेंबरचा कार्यक्रम बर्फामुळे आधीच रद्द झाला होता. कँटनचा झाला. हँक वारल्याचं मंचावरून सांगितलं तेव्हा लोकांना आधी ते नेहमीचंच निमित्त वाटलं आणि काहीजण हसले. मग बंद पडद्यावर एकच दिवा पडला, पडद्यामागून हँकचं ‘आय सॉ द लाइट’ हे भक्तिगीत सुरू झालं आणि सभागृह त्यात गाऊ लागलं.